वैशाखात खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवावी का?

ऋतुजा_जुन्नर
नमस्कार मंडळी. आमच्या परसात गावरान कोंबड्या आहेत, कोंबडाही आहे. त्यातली तांबडी परवापासून खुडूक बसलीय, खुराड्यातून उठायचं नाव नाही, हात घातला की अंग फुगवून टोचायला येते. सासूबाई म्हणतात आत्ता वैशाखात बसवू नको, निम्मी अंडी नासतील, पाऊस पडू दे मग बघू. मिस्टर म्हणतात छोटं इन्क्युबेटर मागवू, पण आमच्याकडे लाईट कधी जाईल नेम नाही. अंडी साठलीत, काही फ्रिजमध्ये, काही स्वयंपाकघरात टोपलीत. यातली कुठली ठेवू? आणि निघालेली पिल्लं जगवायची कशी, शेजारच्यांची सगळी महिनाभराची होऊन माना वाकड्या करून गेली तेव्हापासून धास्तीच घेतलीय.

शिवारातला_गडी
ताई, सासूबाईंचं बरोबर आहे पण उन्हाने नासतात ती बहुतेक कोंबडीखाली जायच्या आधीच. घरात तीस-पस्तीस डिग्री असताना टोपलीत आठवडाभर पडलेल्या अंड्यात जीव अर्धवट धरतो आणि तिथेच मरतो, मग २१ दिवस बसून कोंबडी बिचारी उपाशी आणि हाती काही नाही. फ्रिजमधल्यांची सरळ भुर्जी करा. तांबडीखाली तात्पुरतं एखादं अंडं राहू द्या म्हणजे ती उठणार नाही, आणि बाकीच्या कोंबड्यांची ताजी अंडी चार-पाच दिवस जमवा. ओल्या वाळूत माठ अर्धा पुरून त्यात ठेवायची, रुंद टोक वर. फार मोठी, फार बारकी, तडा गेलेली घेऊ नका आणि धुवू तर अजिबात नका. मग अंधार पडल्यावर सगळी एकदम तिच्याखाली सारायची, रोज एकेक घातलं तर पिल्लंही रोज एकेक निघतील आणि ती पहिल्या दोघा-तिघांना घेऊन उठून जाईल. गावरान कोंबडीला दहा-बारा पुष्कळ झाली, उन्हाळ्यात दहाच. प्रत्येकावर पेन्सिलीने फुली मारा कारण दुसऱ्या कोंबड्या हळूच येऊन तिथेच अंडं घालून जातात आणि मग हिशेब लागत नाही.
जागा सावलीची, पत्र्याखाली नको. पाटीत राख, वर भाताचा पेंढा, थोडा कडुलिंबाचा पाला, नाहीतर उवा-पिसवांनी कोंबडी हैराण होऊन अंडी सोडते. दिवसातून एकदा ती उठेल, खाईल, भलीमोठी घाण वासाची शीट टाकेल आणि परत जाऊन बसेल, घाबरू नका. इन्क्युबेटरचं सोडा, लाईट नसेल तिथे कोंबडीसारखं मशीन नाही.

मीनल_गुहागर
दादांनी सगळं सांगितलंच आहे. सातव्या-आठव्या रात्री मोबाईलचा टॉर्च लावून अंडी बघ, आत कोळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर जीव आहे, नुसतं पिवळं आरपार दिसलं तर काढून टाक. आमच्याकडे पाटीत कोळसा आणि लोखंडाचा तुकडा ठेवतात, गडगडाटाने अंडी बिघडू नयेत म्हणून, मी पण ठेवते, खरंखोटं देव जाणे 😄
आणि पिल्लू कवच फोडताना अडकलं तर चिमट्याने थोडी मदत करते मी, निघतात.

शिवारातला_गडी
मीनलताई, तेवढं नका करू. भोक पाडल्यावर बाहेर यायला पिल्लाला अख्खा दिवसही लागतो. आतल्या पापुद्र्यात तोवर रक्त खेळत असतं आणि पिवळा बलक पोटात ओढला जायचा असतो, मधेच सोललं की रक्त येतं आणि पिल्लू जातं. तोच बलक पुढे दोन दिवस पुरतो, म्हणून तर हॅचरीवाले एका दिवसाची पिल्लं खोक्यात घालून लांब लांब पाठवू शकतात.

गावरान_फार्म_सांगोला
शेजारच्यांचं वर्णन वाचून मानमोडी वाटते, म्हणजे राणीखेत. त्यावर औषध नाही, लसच. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, म्हणजे राणीखेतची लस, डोळ्यात किंवा नाकात एक थेंब, आणि चौथ्या आठवड्याच्या सुमारास परत. चौदाव्या दिवसाच्या आसपास गंबोरो या दुसऱ्या रोगाची लस. लासोटाची बाटली बहुतेक शंभर डोसची येते, दहा पिल्लांसाठी घ्यायला जीवावर येतं, म्हणून सरकारी दवाखान्यात विचारा नाहीतर गल्लीतल्या पाच-सहा घरांनी एकाच दिवशी उरका. बाटली बर्फात आणायची, एकदा कालवली की दोन तासात संपवायची, उरलेली उद्याला ठेवून उपयोग नाही. आजारी पिल्लाला देऊ नका.
पाणी उथळ ताटलीत आणि त्यात खडे टाका, पिल्लं पाण्यात पडून भिजून गारठतात, उन्हाळ्यातसुद्धा. सुरुवातीला तांदळाची कणी, मक्याचा बारीक भरडा चालतो पण जमलं तर चिक स्टार्टर (लहान पिल्लांचं तयार खाद्य) आणाच, नुसत्या कणीवर अंगात दम धरत नाही. खाली पेपर नको, गुळगुळीत असतो, पाय फाकतात, गोणपाट टाका. शीट लालसर दिसली तर रक्ती हगवण, त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि ओला भुसा आधी बाहेर काढा.

ऋतुजा_जुन्नर
बापरे केवढी माहिती, खूप आभार सगळ्यांचे. सासूबाईंना वाचून दाखवलं, माठाचं ऐकून म्हणाल्या हे आम्ही करतच होतो की 😀 फ्रिजमधल्यांची भुर्जी झाली आज. एकच राहिलं, घारी फार आहेत इकडे आणि रात्री मुंगूस येतं. आईला पिल्लांसकट कधीपासून मोकळं सोडू?

शिवारातला_गडी
पहिले पंधरा दिवस डालग्याखालीच, अंगणात सावलीला, वर दगड ठेवून, मुंगूस डालगं उलथवतं. नंतर सकाळ-संध्याकाळ तासभर, कुणीतरी समोर बसलेलं असताना. घार आली की तांबडी स्वतःच ओरडून सगळ्यांना पंखाखाली घेते, पण आसपास झाडोरा हवा, मोकळ्या अंगणात तिचं काही चालत नाही. रात्री मात्र दाराला बारीक जाळी, बोट जाईल एवढी फट असली तरी साप आत जातो.