अरुंद घरात जिना मधोमध असावा की दर्शनी बाजूस?

धागाकर्ता:
बेळगावात शहापूर, वडगावकडच्या गल्ल्यांत १५ फूट रुंद आणि ५० फूट खोल जागेवरचे कौलारू घर उतरवून स्लॅबचे घर बांधताना बरेच जण जिना दर्शनी बाजूस काढतात. दोन्ही अंगांना शेजाऱ्यांच्या भिंती भिडलेल्या असल्याने अशा घराला उजेड आणि वारा पुढून व मागूनच मिळतो. त्यातली पुढची बाजू जिन्याने अडवली की माजघरात भरदुपारी दिवा लावावा लागतो. मजल्याची उंची १० फूट धरल्यास सुमारे ७ इंचांच्या १७ चढी (पायरीची उभी उंची) होतात. दोन टप्प्यांचा, ३ फूट रुंदीचा जिना घराच्या मधोमध आडवा टाकला, तर तो घराच्या ५० फुटांपैकी सुमारे साडेसहा फूट घेतो आणि कडेने जाण्यायेण्यास पावणेचार फुटांची वाट उरते. त्यावर गच्चीत हवेच्या झडपा असलेले काचेचे छत केले की घराच्या पोटात उजेड उतरतो व तापलेली हवा वर निघून जाते.

वडगावकर:
आपले गणित बरोबर आहे. पण घर कोण वापरणार, याचा विचार त्यात नाही. आमच्या भागात खाली माग आणि वर बिऱ्हाड, किंवा खाली थोरला व वर धाकटा भाऊ, अशी घरे पुष्कळ आहेत. जिना मधोमध असला की वरच्या माणसाला रोज दुसऱ्याच्या माजघरातून जावे लागते; मग भाडेकरू टिकत नाही आणि वाटणीच्या वेळी तंटा ठरलेलाच. शिवाय इथल्या पावसात काचेचे छत गळले की पाणी थेट घरात येते.

धागाकर्ता:
गळती काचेमुळे नव्हे, कडेच्या सांध्यांमुळे होते. काच उतरती ठेवावी आणि हवेच्या झडपा पूर्वेकडे काढाव्यात, कारण आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून झोडपतो. वाटणीचा मुद्दा मात्र खरा आहे; दोन बिऱ्हाडांचे घर असेल, तर कडेच्या वाटेला पुढून वेगळे दार देता येईल.

तिसरा वाचक:
तसे केल्यास ती वाट दारापासून जिन्यापर्यंत भिंतीने तोडावी लागेल आणि पुढच्या खोलीला जेमतेम साडेनऊ फूट रुंदी उरेल. एकाच कुटुंबाचे घर असेल तर मधला जिना मला मान्य आहे, परंतु वर भाडेकरू ठेवणाऱ्याने तो पुढेच घ्यावा. फक्त पहिल्या पायऱ्या गटारीवर काढू नयेत. रस्तारुंदीकरणात पहिला हातोडा त्यांच्यावरच पडतो.