दूध संकलन केंद्रासाठी सोलर की जनरेटर? बजेट अडीच लाख

ढालगावकर:
नमस्कार मंडळी. कवठेमहांकाळ तालुक्यात आमचं दूध संकलन केंद्र आहे. सकाळी ३५० लिटर, संध्याकाळी २५० लिटरच्या आसपास दूध येतं. दूध गार करायचा हजार लिटरचा बल्क कूलर, कॉम्प्रेसर ३ एचपी, थ्री फेज. गेल्या महिन्यात वळवाच्या पावसात संध्याकाळी लाईट गेली ती तीन तासांनी आली. दूध नासलं, डेअरीनं परत पाठवलं. ४१ घरांचं दूध होतं. दहा दिवसांच्या बिलात कुणाचा रुपया कापला नाही, सगळं पदरचं भरलं. जुना जनरेटर भंगारात गेलाय. सोलर घेऊ की नवीन जनरेटर? बजेट अडीच लाख, त्यावर एक रुपया नाही. खोली भाड्याची, वर पत्रा आहे. डोंगरावर पवनचक्क्या फिरताना दिसतात आणि खाली आम्ही अंधारात दूध ढवळत बसतो, याचा लई त्रास होतो.

तासगाव_बेदाणा:
डोळे झाकून सोलर. मी घरावर आणि शेडवर मिळून १० किलोवॅट बसवलंय, साडेसहा लाख गेले. बिल जवळजवळ शून्य. अडीच लाखात काही होत नाही, थोडं कर्ज काढा. सूर्यघर योजनेत ७८ हजार सबसिडी पण आहे.

पलूसकर:
दादा, जनरेटरच घ्या. २०१९ च्या महापुरात आमच्याकडं आठ दिवस लाईट नव्हती. आभाळ भरलेलं, सोलर काय करणार? माझा जनरेटर चालला म्हणून गोठ्यात पाणी तरी मिळालं. तीन दिवसांनी डिझेल संपलं आणि पेट्रोल पंप पाण्यात, ती गोष्ट वेगळी.

वाळवा_ऊस:
सोलर, वारा हे सगळं हौसेचं. खरी वीज कोळशाची. चंद्रपूरला २९२० मेगावॅटचं केंद्र आहे, ते रात्री पण चालतं. सूर्य बुडाला की तुमचं सोलर बंद. मागेल त्याला सौर कृषी पंपात दहा टक्के भरून पंप मिळतो म्हणून लोक धावतात. मी रांगेतून बाहेर पडलो. साडेसात एचपीपर्यंत पंपाची वीज माफ आहे, मग कशाला?

कोयनाकाठ:
वाळवावाले दादा, कोळशाची एवढी खात्री देऊ नका. ऑक्टोबर २०२१ मध्ये देशभर कोळसा कमी पडला होता, पेपरला रोज बातम्या. परळीचं केंद्र दुष्काळात पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. थंड पडलेला कोळशाचा संच परत चालू करायला तास न् तास लागतात. आमच्या कोयनेचे संच काही मिनिटांत लोड घेतात. १९६० मेगावॅटचा प्रकल्प आहे, संध्याकाळी मागणी चढली की तोच धावून येतो.

वाळवा_ऊस:
मग कोयनेवरच चालवा की सगळं राज्य.

कोयनाकाठ:
चालत नाही. वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवायच्या पाण्याला कृष्णा लवादानं (कृष्णेचं पाणी राज्यांत वाटून देणाऱ्या) वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलीय. म्हणूनच ते पाणी गरजेच्या तासाला जपून वापरायचं असतं. दिवसा सूर्य, पावसाळ्यात वारा, संध्याकाळी पाणी, आणि उरलेलं तूर्त कोळसा. एकट्याच्या जिवावर काहीच उभं राहत नाही.

ढालगावकर:
सगळ्यांचे आभार, पण माझं दूध संध्याकाळी सहा ते आठ येतं. त्याचं काय करू?

निवृत्त_वायरमन:
तीस वर्षं लाईनवर काम केलंय, म्हणून सांगतो. पहिलं, पवनचक्कीची वीज उच्चदाबानं मोठ्या सबस्टेशनला जाते. तिथून फिरून ती तुमच्या ११ केव्ही लाईनवर आणि डीपीवर येते. लाईट जाते ती बहुतेक या शेवटच्या टप्प्यात. झाडाची फांदी, फुटलेला चिनीमातीचा इन्सुलेटर, सैल जंपर (तारा जोडणारा तुकडा). तिकडं वीज कोळशाची असो की वाऱ्याची, तार तुटली की दोन्ही सारखीच.

दुसरं, तुमचं केंद्र गावठाण फीडरवर (गावातल्या घरांच्या लाईनवर) आहे की शेती फीडरवर (पंपांच्या लाईनवर) ते बघा. शेती फीडरवर असाल तर थ्री फेज ठरावीक तासच मिळणार, आणि सगळ्यात आधी ते बदलून घ्यायला अर्ज करा.

तिसरं, पंधरा दिवस वहीत लिहा. लाईट किती वाजता गेली, किती वेळानं आली. हे न लिहिता काहीच विकत घेऊ नका.

आणि तासगावच्या पाहुण्यांना विचारतो, तुमचं सोलर ऑनग्रिड, म्हणजे बॅटरीशिवाय थेट लाईनला जोडलेलं, आहे ना? मग भरदुपारी लाईट गेली तर चालतं का?

तासगाव_बेदाणा:
नाही चालत, इन्व्हर्टर बंद होतो. पण बिल वाचतं हे खरंच आहे.

निवृत्त_वायरमन:
तो बंद होणारच. नाहीतर खांबावर चढलेल्या माणसाला उलटा करंट लागेल. म्हणजे ढालगावकरांचं दूध त्यानं वाचत नाही. आणि सूर्यघरची सबसिडी घरगुती मीटरला आहे, धंद्याच्या मीटरला नाही.

जतची_ताई:
माझंही संकलन केंद्र आहे, म्हणून हिशोब देते. धारेचं दूध ३५ अंशांवरून ४ वर आणायचं म्हणजे लिटरमागं साधारण पाव ते अर्धा किलो बर्फाइतकं काम. तुमच्या संध्याकाळच्या २५० लिटरला शंभरेक किलो बर्फ झाला. विजेत धरलं तर चारेक युनिट. म्हणजे गरज छोटी आहे, वेळ वाईट आहे. मी बर्फ साठवणारी आइस बँक टाकी घेतली. दुपारी लाईट असते तेव्हा बर्फ बनतो. संध्याकाळी लाईट गेली तर एक छोटा पंप गार पाणी फिरवतो, तो साध्या इन्व्हर्टरवर चालतो. बॅटरीत वीज साठवण्यापेक्षा मला गारवा साठवणं परवडलं. दोन उन्हाळे झाले, एक कॅन नासला नाही.

विटेकर:
सोलर घ्या. तासगाववाल्यांनी सांगितलंय तसं, बिल शून्य येतं.

पलूसकर:
ताई, आइस बँक बिघडली तर मेकॅनिक सांगलीहून येतो. जनरेटर गावातला पोरगा पण उघडतो. फक्त जुना घेऊ नका दादा, मी फसलोय. महिन्यात गव्हर्नर (इंजिनाचा वेग सांभाळणारा भाग) गेला.

लिथियम_मिरज:
५ युनिटची लिथियम बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर बघा. लेड ॲसिड घेतली तर निम्मीच वापरायची, नाहीतर लवकर मरते. पण ३ एचपीचा कॉम्प्रेसर चालू होताना पाच-सहा पट करंट ओढतो, तेव्हा मोटर हळूहळू चालू करणारा सॉफ्ट स्टार्टर किंवा व्हीएफडी लागेलच. नुसते युनिट मोजून इन्व्हर्टर घेतला तर पहिल्या दिवशी ट्रिप होईल.

ढालगावकर:
अठरा दिवसांनी लिहितोय. वही ठेवली. पंधरा दिवसांत अकरा वेळा लाईट गेली. आठ वेळा अर्ध्या तासाच्या आत आली, तेवढ्यानं दुधाला काही झालं नाही. तीन वेळा दोन तासांच्या वर गेली, तिन्ही वेळा संध्याकाळी, वारं सुटल्यावर. वायरमन काका म्हणाले तसंच निघालं, डीपीजवळ बाभळीची फांदी तारेला घासत होती. अर्ज दिला, तोडली.

निर्णय सांगतो, कुणी रागावू नका. मी जुना १० केव्हीएचा जनरेटर घेतला, एका मंगल कार्यालयाचा, ९० हजारांत. त्यांच्याच लोडवर दोन तास चालवून, व्होल्टेज मोजून घेतला. महिन्याला सहा-सात वेळा दोन तास धरले तर डिझेल वीस-पंचवीस लिटर लागेल. युनिट महाग पडतं हे कळतं, पण युनिट थोडेच आहेत. भाड्याच्या पत्र्यावर पॅनेल बसवायला मालक तयार नाही. उरलेले एक लाख साठ हजार राखून ठेवलेत. दिवाळीनंतर आमच्या जागेत स्लॅब पडला की ताईंसारखी आइस बँक घेणार आणि वर सोलर. ताई, टाकी किती लिटरची घेतली ते सांगा.

पलूसकर:
जुना घेऊ नका म्हणालो होतो.

जतची_ताई:
टाकीचं माप मेसेज करते. स्लॅब टाकतानाच पॅनेलच्या स्टँडसाठी बोल्ट सोडून ठेवा, नंतर भोकं पाडली की गळतं. आमचं गळतंय.

निवृत्त_वायरमन:
चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाईन किंवा जनरेटर, एकच जोडणारा) बसवलाय का? त्याशिवाय जनरेटर चालू करू नका, लाईनवर माणूस असतो. आणि दर रविवारी दहा मिनिटं कॉम्प्रेसरच्या लोडवर चालवा, नुसता रिकामा नको.

ढालगावकर:
काका, स्विच उद्याच बसवतो. तोवर जनरेटरला हात लावत नाही.