तुमची विजेची गाडी घरी आली तो दिवस (अनुभव धागा)

मनीषनगरची

आज सकाळी दूध घ्यायला दार उघडलं तर कडीला पेढ्यांची पिशवी लटकवलेली. समोरच्यांकडे काल रात्री एमजीची विंडसर आली, विजेची. कधी आली कळलंच नाही, गल्लीतलं कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. पेढा तोंडात टाकला आणि एकदम बाबा आठवले, म्हणून पोळ्या टाकायच्या आधी लिहून राहिले.

आमची टाटाची नेक्सॉन ईव्ही, 2023 च्या दसऱ्याची. बाबा एसटीत चालक होते, नागपूरच्या गणेशपेठला. गाडी त्यांना कानाने कळायची. आमच्या जुन्या गाडीचं काही बिनसलं की अंगणात पेपर वाचता वाचता सांगायचे, "टॅपेट वाजून राहिलं, दाखवून आण." टेस्ट ड्राइव्हला त्यांना पुढे बसवलं. मी चालवत होते, नवरा आणि शोरूमचा पोट्टा मागे. वर्धा रोडला लागलो, छत्रपती चौक गेला, बाबा गप्प. डावा तळवा डॅशबोर्डवर पालथा ठेवलेला. मला वाटलं घाबरले. विमानतळाजवळ आल्यावर म्हणाले, "हिची नाडी लागत नाही गं."

पोट्टा म्हणे, "काका, इंजिनच नाही ना."

"ते माहीत आहे रे. पण बिघडायला लागली तर सांगेल कशी?"

त्यावर पोट्टा गप्प, मी पण गप्प. तरी घेतली. बाबा आता नाहीत. गाडी आहे.

तुम्ही कशी निवडली, चालवून काय वाटलं, घरी आली तेव्हा काय काय झालं ते लिहा. शोरूमवाल्यांची नावं नका घेऊ, उगाच भांडणं लागतात.

तर्रीवाला

पहिला! आधी सांगा पेढे कुठले

आमच्याकडे टाटाची पंच, 35 युनिटच्या बॅटरीवाली. टेस्ट ड्राइव्ह मे महिन्यात दुपारी दोनला घेतली, मुद्दाम. घरच्यांनी वेड्यात काढलं. पण एसीची खरी परीक्षा 45 डिग्रीतच होते, संध्याकाळी फुटाळा तलावावर सगळ्याच गाड्या थंड लागतात. सेल्सवाला पंखा एकवर ठेवून राहिला, म्हणे रेंज कमी होते सर. म्हटलं भाऊ, विकत घेतल्यावर मी मे महिन्यात घाम पुसत बसू का? लाव चारवर. 40 मिनिटं फिरलो, सगळा डोळा स्क्रीनवर, युनिटमागे किती किमी जाते ते बघत. एसीने फरक पडतो, नाही असं नाही, पण लोक घाबरवतात तेवढा नाही.

बेसा रोड

काकू सकाळी सकाळी रडवलं 😢 माझे बाबा पण डॅशबोर्डवर हात ठेवून बसतात, पण ते मी चालवते म्हणून

काळी माती

आमची तर चार्जच होईना!! डिलिव्हरी झाली, नारळ फुटला, ओवाळून झालं, रात्री हौसेने 15 अँपिअरच्या सॉकेटला लावली तर चार्जिंगच्या केबलवरच्या डब्यावर लाल दिवा. शोरूमला फोन केला तर म्हणे तुमच्या घरात दोष. इलेक्ट्रिशियन म्हणे गाडीत दोष. तीन दिवस गाडी गळ्यात हार घालून अंगणात उभी, 22 टक्क्यांवर. येणारे जाणारे विचारून राहिले, चालवत काऊन नाही?

शेवटी वहिनीचा भाऊ आला, त्याने मीटर लावून न्यूट्रल आणि अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजलं. 20 च्या वर. जवळपास काहीच नको असतं तिथे. मग शोध सुरू. घर 1988 चं, त्या वेळच्या मिस्त्रीने अर्थिंगची तार नळाच्या लोखंडी पाइपला बांधलेली. आणि तो पाइप आम्ही मागल्या वर्षी हौसेने प्लॅस्टिकचा केला 🤦 म्हणजे वर्षभर घराला अर्थिंगच नव्हतं. फ्रिज, गीझर, कूलर सगळं तसंच चालू! गाडीने पकडलं.

नवा खड्डा केला, मीठ-कोळसा, तांब्याची पट्टी. आता हिरवा दिवा. पण आमच्याकडची काळी माती उन्हाळ्यात हातभर भेगाळते, ओल गेली की पुन्हा लाल. म्हणून एप्रिल-मेमध्ये आई तुळशीला पाणी घालते तेव्हा एक तांब्या अर्थिंगलाही घालते.

जावईबापू

मंत्र कोणता म्हणतात आई

काळी माती

मंत्र नाही, "पी बाप्पा" म्हणते

वैदर्भी

😂😂 आमच्या पूजेचं ऐका. शोरूममधून सरळ टेकडी गणपतीला नेली. गुरुजी म्हणाले बोनेट उघडा, इंजिनाला कुंकू लावायचं. उघडलं. गुरुजी बघतात, मी बघते, नवरा बघतो. सगळीकडे झाकणं आणि केशरी जाड वायरी. मी ओरडले, केशरीला हात नका लावू गुरुजी! (हाय व्होल्टेजच्या वायरी केशरी असतात, डिलिव्हरीच्या वेळी एवढं एकच सांगितलेलं डोक्यात राहिलं होतं.) शेवटी त्यांनी काचेवर पाणी मारायच्या डब्याला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या. अजून आहे ते कुंकू. सर्व्हिसिंगवाल्याने पुसलं नाही, चांगला माणूस असावा.

शिवमडका

समृद्धीवरचा माझा शहाणपणा सांगतो. गाडी आली त्याच आठवड्यात बायकोला घेऊन शिर्डीला निघालो. 100 टक्के चार्ज, रस्ता मोकळा, 120 ची परवानगी, मग काय, 115-120 ला क्रूझ लावली. घरात असताना स्क्रीन 290 किमी दाखवत होती. वर्धा जिल्हा संपून अमरावतीत शिरलो तर बॅटरी निम्मी!! किमी झाले 90 च्या आसपास. बायको मोबाईल बाजूला ठेवून स्क्रीनकडे बघायला लागली म्हणजे समजा काय परिस्थिती असेल. वेग 90 वर आणला तेव्हा जीवात जीव आला. वेग वाढला की हवा आडवी येते, आणि ती वेगाच्या वर्गाने येते. हे नववीत मार्क मिळवण्यापुरतं पाठ केलं होतं. समजलं पन्नाशीत.

दुसरं, रस्त्यावर डीसी (फास्ट) चार्जरला 80 टक्क्यांच्या पुढे थांबू नका, पुढचं थेंब थेंब जातं. मागच्या गाडीवाले बघत बसतात ते वेगळं.

तर्रीवाला

पण शिर्डीला पोचलात का

शिवमडका

पोचलो. काकड आरतीला नाही, धूपारतीला.

एमएच 49

टेस्ट ड्राइव्हला सगळे जण स्पोर्ट मोड दाबून खुश होतात. माझं म्हणणं, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला मागे बसवा आणि अर्धा तास फिरवा. बॅटरी जमिनीखाली असते त्यामुळे पुष्कळ गाड्यांत मागची फरशी उंच येते, गुडघे वर येतात, मांडीला आधार नाही. आईला दहा मिनिटांत कळलं, आम्ही दोघं भाऊ महिनाभर यूट्यूब बघून राहिलो होतो त्यात हे कोणी सांगितलं नव्हतं. तिच्यामुळे आवडलेली गाडी सोडली, दुसरी घेतली.

आणि रिजेन. पाय उचलला की गाडी आपोआप ब्रेक लागल्यासारखी हळू होते, त्यातून बॅटरीत परत चार्ज जातो. चालवणाऱ्याला मजा, मागच्यांना मळमळ. सक्करदऱ्यापासून सदरपर्यंत आई पिशवी धरून बसली होती. म्हातारी माणसं असतील तर सगळ्यात कमीवर ठेवा.

बेसा रोड

मळमळ हो!!! मला वाटलं माझं चालवणंच वाईट

जावईबापू

दोन्ही असू शकतं ताई

बेसा रोड

🙄 ब्लॉक

आर्वीकर

मी नागपुरात पहिल्यांदा विजेच्या गाडीत बसलो 2017 मध्ये, त्या ओलाच्या टॅक्स्या आल्या होत्या तेव्हा. महिंद्राची ई-टू-ओ. ड्रायव्हर दादा एसी लावू का विचारत होते, आणि आपण हो म्हटलं की चेहरा पडायचा. तेव्हा ठरवलं होतं आपण कधी नाही घेणार. आता टियागो ईव्ही आहे, 24 वाली, आणि मी पण पाहुण्यांना विचारतो एसी लावू का

धरमपेठ फ्लॅट नं. 4

तुम्हा अंगणवाल्यांचं बरं आहे. आमच्या सोसायटीत माझ्या चार्जरसाठी तीन बैठका झाल्या. एक काका म्हणे तुमच्या गाडीने लिफ्टला करंट कमी पडेल. दुसरे म्हणे आग लागली तर? तिसऱ्यांना काही म्हणायचं नव्हतं, चिवडा होता म्हणून आले होते. सार्वजनिक मीटरवर लावायचाच नव्हता मला, महावितरणकडून गाडीसाठी वेगळं कनेक्शन मिळतं, बिल माझ्या नावावर, हे सांगून जीव गेला. शेवटी मी मीटरच्या खोलीपासून माझ्या पार्किंगपर्यंत टेपने मोजून दाखवलं, 31 फूट केबल, खर्च माझा, खड्डा पडला तर बुजवणार मी. लिहून दिलं तेव्हा सही. आग लागली तर म्हणणाऱ्या काकांनी दिवाळीत स्वतः बुकिंग केलं. आता माझ्या केबलवर डोळा आहे त्यांचा.

अहो ऐकता का

यात कुठे लिहायचं कळत नाही म्हणून इथे लिहिते, मनीषनगरचं फाटक आज बंद आहे का? साडेनऊला निघायचं आहे

मनीषनगरची

अंडरपासने या ताई

संख्याशास्त्री

लोक तारखेचं लिहीत नाहीत कोणी. आमच्या शोरूमने डिलिव्हरी दिली पोळ्याच्या दिवशी. पोळा म्हणजे अमावस्या! आजी म्हणाली गाडी आणायची नाही. शोरूमवाला म्हणे महिन्याचा शेवट आहे, ऑफर जाईल. मधला मार्ग आजीनेच काढला. म्हणाली बैलांचा दिवस आहे ना, मग बैल म्हणून आणा. पेट्रोल पीत नाही, धूर काढत नाही, बैलच झाला. शिंगांच्या जागी आरशांना बेगड, पुढे झूल. तान्ह्या पोळ्याला गल्लीतली पोट्टी लाकडी नंदी घेऊन आली तर आजीने त्यांना गाडीसमोर उभं करून खाऊ दिला.

कामाचं: नोंदणी व्हायच्या आधी गाडी स्टॉकयार्डात जाऊन बघा. नंबर पडला की तुमची झाली, मग ओरखडा दाखवत बसा. टायरवर लंबगोलात चार आकडे असतात, 2324 म्हणजे 2024 चा 23 वा आठवडा. आमच्या चार टायरांत एक टायर सात महिने म्हातारा निघाला. बदलून घेतला. चार्जिंगची केबल डिकीत आहे का ते उघडून बघा, "आहे सर" यावर जाऊ नका.

वैदर्भी

बैल 😍 आजीला नमस्कार सांगा

एमएच 49

सात महिन्यांनी काय होतं टायरला? उगाच

संख्याशास्त्री

काही होत नाही. पण पैसे नव्या टायरचे घेतले ना.

पुण्याला लेक

आमची चूक सांगते. लेकीच्या बाळंतपणाला महिनाभर पुण्याला गेलो, गाडी 70 टक्क्यांवर ठेवून. आलो तर दारच उघडेना. मोठी बॅटरी ठणठणीत, पण आत एक साधी 12 व्होल्टची बॅटरी असते, कुलूप, दिवे, स्क्रीन तिच्यावर, ती बसली होती. एवढी लाखांची गाडी आणि तिला दुसऱ्या गाडीची तार लावून उठवायची! शेजाऱ्यांच्या मारुतीने जीवदान दिलं. त्यांचा पोट्टा अजून चिडवतो. नातू झाला, तेही सांगून टाकते.

सगळे अभिनंदन करा रे

अभिनंदन आजी! 🎉 पेढे?

सदर कँटीन

मी इलेक्ट्रिक नाही घेतली, सीएनजी घेतली होती, आणि 2022 मध्ये नागपुरात सीएनजी 120 रुपये किलो झाला. बस्स एवढंच माझं दुःख. चालू द्या.

तर्रीवाला

भाऊ तुमच्यासाठी वेगळा धागा काढू

छतावर सोलर

सोलरचं कोणी बोललं नाही? आम्ही पंतप्रधान सूर्यघर योजनेतून 3 किलोवॅट बसवलं, 78,000 अनुदान जमा झालं. महिन्याला 1100-1200 किमी होते, 170 युनिटच्या आसपास जातात गाडीला. पण पोट्ट्याने कूलरऐवजी एसी बसवून घेतला "आता फुकट आहे ना" म्हणून, त्यामुळे बिल होतं तिथेच आलं.

बेसा रोड

ब्लॉक काढला. काकू, एक विचारायचं राहिलं, बाबांना गाडी पटली का शेवटी?

मनीषनगरची

आत्ता जेवणं आवरली, सांगते. डिलिव्हरीच्या दिवशी आम्ही ती थर्माकोलची मोठ्ठी चावी धरून फोटो काढून राहिलो होतो (परत घेतात ती, मला माहीत नव्हतं, मी घेऊन निघाले होते), आणि बाबा चाकाजवळ वाकून कान लावून. काही नाही. घरी आली, चारी चाकांखालचे लिंबू फुटले तो आवाज गाडीपेक्षा मोठा.

रात्री चार्जिंगला लावली. साडेअकराला पाणी प्यायला उठले तर बाबा पार्किंगमध्ये प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसलेले, बनियनवर. बोनेटखालून बारीक घूंऽऽ आवाज येत होता. थंड करायचा पंप असतो तो, मध्येच पंखा लागतो, मध्येच बंद. मी म्हटलं बाबा झोपा ना. बोट वर करून मला गप्प केलं. पंखा थांबला, पुन्हा लागला, तेव्हा म्हणाले, "हां. झोपेत घोरते."

मग रोज रात्री एक चक्कर असायची त्यांची. पुढच्या पावसाळ्यात एकदा म्हणाले आवाज बदलला, दाखवून आण. मी हसले. नेली तर पंख्यात उंदराने कापसाचं घरटं केलेलं.

जावईबापू

काकू 🙏

अहो ऐकता का

अंडरपासमध्ये पाणी आहे हो

शेवटचा बेंच

काळी माती, त्या वहिनीच्या भावाचा नंबर व्यनि (खासगी निरोप) करा ना, आमच्याकडे पण लाल दिवाच आहे आणि पाहुणे उद्या गाडी बघायला येऊन राहिले