नववी-दहावीच्या मुलांना चिकित्सक विचार शिकवायचा कसा?

विज्ञानवाली बाई (प्रश्न)

मी तालुक्याच्या गावी एका अनुदानित शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात चिकित्सक विचारावर भर आहे, आणि वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे तर बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीपासून नागरिकांचे मूलभूत कर्तव्यच आहे. प्रत्यक्षात मात्र "तुम्हांला काय वाटते?" असे विचारले की मुले एकमेकांकडे पाहतात आणि कोणीतरी हळूच म्हणते, "बाई, उत्तर फळ्यावर लिहून देता का?" अंधश्रद्धेवर बोलले तर ती माना डोलावतात, पण तेही एक पाठ केलेले उत्तरच ठरते. पोर्शन सांभाळून आणि पालकांचा रोष ओढवून न घेता, मुलांना खरोखर तपासून पाहण्याची सवय लागेल असे काही कोणी केले असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

गणितमास्तर

बाई, निष्कर्ष आपण सांगून टाकतो, तिथेच गाडी अडते. मुलांना आधी चाचणी आखायला लावावी.

2008 साली जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर, प्रकाश घाटपांडे आणि सुधाकर कुंटे यांनी पुण्यात फलज्योतिषाची चाचणी घेतली होती. शंभर हुशार आणि शंभर बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या पत्रिका तयार करून त्यांतल्या 40 पत्रिका प्रत्येक ज्योतिषाला द्यायच्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली हे ओळखायला सांगायचे, असे तिचे स्वरूप होते. मी वर्गाला एवढेच सांगतो आणि विचारतो की यात लबाडीला किंवा चुकीला कुठे वाव राहील? "पत्रिका देणाऱ्यालाच उत्तर माहीत असेल तर?" हा प्रश्न कोणीतरी काढतेच. मग सांकेतिक क्रमांक आणि त्रयस्थाकडे ठेवलेली उत्तरांची किल्ली या गोष्टी मुलेच सुचवतात.

पुढचा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. चाळीसपैकी किती उत्तरे बरोबर आली तर तुम्ही विद्या मान्य कराल, हा आकडा निकाल ऐकण्यापूर्वी प्रत्येकाला वहीत लिहायला लावतो. बहुतेक मुले 21 किंवा 22 लिहितात, कारण निम्म्याहून जास्त म्हणजे झाले, अशी त्यांची समजूत असते. मग मी 40 छापा-काट्यांची यादी बंद पाकिटात ठेवतो, मुले न बघता आपापली यादी करतात आणि आम्ही ताडून पाहतो. बरेच जण विसाच्या आसपास असतात, पण पन्नासच्या वर्गात दोन-चार जण पंचविशी गाठतात. त्यांना आम्ही 'बुवा' म्हणतो आणि दुसरे पाकीट उघडतो, तेव्हा बुवांची सिद्धी सहसा उतरलेली असते. नंतर मुले आपण होऊन वहीतला आकडा खोडून 28-30 करतात. निव्वळ अंदाजाने 28 किंवा अधिक येण्याची शक्यता शंभरात जेमतेम एक आहे.

निकाल त्यानंतरच सांगावा: 27 ज्योतिषांची उत्तरे आली, त्यांची सरासरी सुमारे 46 टक्के होती आणि सर्वांत चांगला निकाल चाळीसपैकी 24 होता. पोर्शनचे म्हणाल तर दहावीच्या गणित भाग 1 मध्ये संभाव्यता आहेच, गणिताच्या शिक्षकांना सोबत घ्यावे.

नदीकाठचा पालक

मास्तरांचा उपक्रम उत्तम आहे, पण एक शंका आहे. यात मुले दुसऱ्याच्या श्रद्धेची झडती घ्यायला शिकतात आणि स्वतःच्या समजुतींना हात लागत नाही. शिवाय ज्यांच्या घरी पत्रिका पाहिल्याशिवाय लग्न ठरत नाही, ते पालक दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या दारात उभे राहतील. म्हणून सुरुवात जूनमध्ये चौकाचौकांत लागणाऱ्या क्लासच्या फ्लेक्सपासून करावी. "आमचे 40 विद्यार्थी 90 टक्क्यांच्या वर" असे त्यावर असते, पण एकूण किती बसले होते, हे नसते. प्रवेश देतानाच हुशार मुले निवडली होती का? एकाच मुलाचा फोटो दोन क्लासच्या फ्लेक्सवर का दिसतो? ज्या क्लासला आपण जातो त्याच्याबद्दल हे विचारणे मुलांना जड जाते, आणि नेमके तेच व्हायला हवे.

गणितमास्तर

फ्लेक्सपासून सुरुवात करावी, हे मान्य. पालकांबाबत एवढेच म्हणेन की त्या चाचणीचा दावा मर्यादित होता: पत्रिकेवरून बुद्धिमत्ता ओळखता येते का, एवढेच तपासले गेले. मुलांनाही निष्कर्ष तेवढ्यापुरताच लिहायला लावावा. त्यापलीकडे कोणी लिहिले, मग ते ज्योतिषाच्या विरोधात का असेना, तर मी गुण कापतो.

विज्ञानवाली बाई

दोघांचेही आभार. फ्लेक्सचे फोटो मुलांकडूनच मागवते. पाकिटांचा प्रयोग सहामाहीनंतर दोन तासिका जोडून घेता येईल. मास्तर, वहीतला पहिला आकडा खोडलेला असला तरी त्याला गुण देता का?

गणितमास्तर

पहिल्या आकड्याला गुण नाहीत. तो का बदलला, हे दोन वाक्यांत लिहिले तर त्याचे गुण अंतर्गत मूल्यमापनात देतो. न बदलणाऱ्यालाही देतो, पण त्याने कारण लिहिले पाहिजे.