रि: जूनच्या सुट्टीतलं शिबिर

नमस्कार मंडळी,
जूनच्या सुट्टीत या वेळी क्रिकेटऐवजी फुटबॉलचं शिबिर ठेवूया का? शाळेतली मलाय, चिनी मुलं फुटबॉलच खेळतात. क्रिकेट सिंगापुरात आपण भारतीयांनीच आणलं आणि आपणच खेळत बसलोय.
– क्लेमेंटीहून, दोन मुलांची आई

ताई,
शिबिराला माझा पाठिंबा. पण क्रिकेट आपण आणलं हे काही पटलं नाही. पाडांग मैदानावरचा सिंगापूर क्रिकेट क्लब १८५२ चा. तेव्हा बोरीबंदर-ठाणे गाडीसुद्धा सुरू झाली नव्हती! एप्रिल १९९६ मध्ये याच पाडांगवर जयसूर्यानं पाकिस्तानला धुतलं: ४८ चेंडूंत शतक, पाच दिवसांनी १७ चेंडूंत अर्धशतक, दोन्ही तेव्हाचे विक्रम. (दुसरा सामना, म्हणजे फायनल, लंका हरली ते सोडा.) २०१९ मध्ये आपल्या सिंगापूरच्या पोरांनी झिंबाब्वेला चार धावांनी हरवलं. आयसीसीच्या पूर्ण सदस्य (म्हणजे कसोटी खेळणाऱ्या) देशावरचा तो पहिला विजय, पण लिटल इंडियाबाहेर कुणाला पत्ता तरी लागला का? खेळ जुना, पण क्लबांच्या कुंपणातच राहिला. फुटबॉल व्हॉइड डेकमध्ये, म्हणजे इमारतींखालच्या मोकळ्या तळमजल्यात, शिरला. तिथे 'फुटबॉल खेळू नये' अशी पाटी लावावी लागते, यातच आलं सगळं.

तरी फुटबॉलचंही फार कौतुक नको. १९९४ ला कर्णधार फांदी अहमदच्या सिंगापूर संघानं पाहांगला ४-० हरवून मलेशिया कप आणला. पुढच्या वर्षी आपण त्या स्पर्धेतूनच बाहेर, १९९६ ला स्वतःची व्यावसायिक एस-लीग, आणि कल्लांगच्या नॅशनल स्टेडियमची ती गर्दी लीगला कधी लाभलीच नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये हाँगकाँगला त्यांच्याच घरी २-१ हरवून आशियाई चषकाला पात्र झालो. १९८४ ला यजमान म्हणून खेळलो होतो, स्वबळावर हे पहिल्यांदाच. विजयी गोल फांदीच्या मुलाचा, इल्हानचा. त्या रात्री मी झोपलो नाही.
– टॅम्पिनीसचे काका

काका,
इतिहास ठीक, पण आमच्या घरात प्रश्न एनएसचा, म्हणजे मुलांच्या सक्तीच्या राष्ट्रीय सेवेचा आहे. अठराव्या वर्षी दोन वर्षं गणवेशात, म्हणजे नेमकं खेळाडू घडायच्या वयात. २०१८ ला इंग्लंडच्या फुलहॅम क्लबनं करार दिलेल्या बेन डेव्हिसला एनएस पुढे ढकलायची परवानगी मिळाली नाही. पुढे तो थायलंडकडून खेळला. क्रिकेटवाले लगेच टिम डेव्हिडचं नाव घेतील: जन्म इथला, आधी इथल्याच संघात, मग २०२२ ला मुंबई इंडियन्सकडे सव्वाआठ कोटींना आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाच्या संघात. पण तो वाढला पर्थमध्ये! शिबिर कुठलंही घ्या, पोराला घाम येऊ दे, राष्ट्रीय संघाची स्वप्नं आईबापांनी बघू नयेत.
– पुंगोलहून, एका एनएसवाल्याचा बाबा

मंडळी,
शिबिर फुटबॉलचं. मैदान सकाळचंच घेऊ, दुपारी विजांच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला की सगळं आवरावं लागतं. नावं शुक्रवारपर्यंत कळवा. क्रिकेटवाल्यांनी वेगळा विषय काढावा, आणि कृपया सगळ्यांना उत्तर पाठवू नका.
– कार्यकारिणी