अस्थी मळ्यात की गोकर्णाला? आणि रक्षेत सापडलेल्या रॉडचं काय करायचं?

खानापूरकडचा
नमस्कार. आमचे आबा गेल्या गुरुवारी गेले. आज सातवा दिवस. अग्नी आमच्याच मळ्यात दिला, शनिवारी रक्षाविसर्जन झालं, कावळाही लगेच शिवला, त्यामुळं तो घोर नाही. पण राखेवर दूध-पाणी शिंपडून अस्थी वेचताना माझ्या हाताला एक लांब काळी सळई लागली. पहिल्यांदा वाटलं लाकडातला खिळाबिळा असेल, पुसून बघितलं तर आबांच्या मांडीत घातलेला रॉड. सहा वर्षांमागं बैलगाडीवरून पडले होते तेव्हाचा, काढायचा राहूनच गेला. दोन्ही टोकांना स्क्रूची भोकं तशीच. सगळे गप्प झाले, कुणाला कळेना हे अस्थीत धरायचं की नाही. शेवटी मी धुऊन फडक्यात गुंडाळला आणि गोठ्याच्या दिवळीत ठेवलाय.

दुसरं म्हणजे अस्थी. गाडगं परसातल्या फणसाला बांधलंय. आबा जायच्या आधी आईला दोनतीनदा म्हणालेले की मला लांब नेऊ नका, मळ्यातच टाका. चुलते म्हणूलालेत गोकर्णालाच न्यायचं, मळ्यात टाकलं तर जीव तिथंच घुटमळतो आणि उद्या वाटण्या झाल्या, प्लॉट पडले तर माणसाच्या अस्थीवरून गाड्या जाणार. ते ऐकलं आणि मलाही कसंतरी झालं. आई काही बोलतच नाही. शनिवारी दहावा आहे, त्याच्या आत ठरवायचंय. आबांचा शब्द मोडला तर त्यांना गती मिळणार नाही का, की मळ्यात टाकलं तर मिळणार नाही? जाणत्यांनी सांगा.

शहापूर बेळगाव
वाचून वाईट वाटलं. मी दिवसकार्याचं काम वडिलांच्या हाताखाली शिकलो, म्हणून जेवढं माहीत आहे तेवढं सांगतो. अस्थी तीर्थात सोडाव्यात असंच शास्त्र आहे, ते मी लपवणार नाही. अस्थी जितकी वर्षं गंगेत राहतात तितकी हजार वर्षं स्वर्गवास असं पुराणात सांगतात, आणि आपल्या भागातली माणसं गोकर्ण, नरसोबाची वाडी, वारकरी असले तर पंढरपूर किंवा आळंदी गाठतात ते त्यासाठीच. पण गती अडकते ती अस्थीपाशी नाही. दहा दिवस रोज एक पिंड, त्यातून त्या जीवाला एकेक अवयव येतो, डोकं, डोळे, छाती असं करत दहाव्याला भूक-तहान लागते म्हणून त्या दिवशीच्या पिंडाला एवढं महत्त्व. मग बाराव्याला सपिंडीकरण, म्हणजे तुमच्या आबांचा पिंड त्यांचे वडील, आजोबा, पणजोबा यांच्या पिंडांत मिसळायचा. तिथं प्रेतपण संपतं आणि ते पितर होतात, वसु-रुद्र-आदित्य या पितरांच्या तीन देवतांतल्या वसूंच्या जागी बसतात. म्हणून मळ्यात घुटमळायची भीती मनातून काढा, फक्त बारावा नीट करा. आणि अस्थीपेक्षा जीवखडा सांभाळा, मडकं फोडलं तोच दगड, दहाव्यापर्यंत तिलोदक, म्हणजे तीळ घातलेलं पाणी, सगळं त्याच्यावर आहे, तो हरवला तर खरी पंचाईत.

आता माझं मत. तुम्ही खानापूरचे, मलप्रभा तुमच्या दारात. कणकुंबीला उगम पावते ती नदी पुढं कूडलसंगमला कृष्णेलाच मिळते, आणि वाडीला कृष्णाच आहे ना? असोग्याला रामलिंगाच्या देवळापाशी अस्थी सोडल्या तर त्या कमी तीर्थात गेल्या असं मी तरी कुणाला म्हणणार नाही. चुलत्यांना हे सांगून बघा.

निपाणीची अक्का
बाळा, आईला विचारलास का? ती बोलत नाही म्हणजे तिला मत नाही असं नाही, घरात दिराच्या पुढं या दिवसांत बाई बोलत नाही एवढंच, रात्री सगळी झोपली की तिच्याजवळ बस आणि विचार. आणि चुलत्यांशी वाद घालू नको, त्यांचाही सख्खा भाऊ गेलाय, गोकर्णाला नेतो म्हणणं हे त्यांचं भावासाठी काहीतरी करायचं म्हणून आहे.

रॉडचं सांगते. आमच्या सासूबाईंच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदललेल्या, रक्षेत त्या तशाच्या तशा सापडल्या, लाकडाच्या चितेत तो धातू वितळत नाही. माझ्या नणंदेनं त्या हातात धरल्या आणि तिथंच खाली बसली, कारण ऑपरेशननंतर सहा महिने सासूबाईंना धरून धरून चालवलं ते तिनंच. ती अस्थी नव्हे, तिला कसला विधी नाही, पण नदीत टाकू नका, कुणाच्या पायात रुतेल, आणि भंगारात तर देऊच नका. आम्ही परड्यात खड्डा काढून पुरल्या आणि वर नारळ लावला. आता नारळ धरायला लागलाय.

हुक्केरीकडचा
मी लिंगायत, आमच्यात दहनच नाही त्यामुळं अस्थीचा प्रश्न येत नाही, पण मळ्याचं वाचून लिहावंसं वाटलं. आमच्यात माणसाला बसवून पुरतात, हातात इष्टलिंग, अंगाला विभूती, बेलपत्री घालून, आणि लिंगैक्य झाला म्हणतात, म्हणजे जीव कुठं भटकायचा राहिलेलाच नाही. आमचे अप्पा आमच्या उसातच आहेत, बांधाकडेला. मी पाणी पाजायला जाताना रोज त्यांच्या शेजारनं जातो, चप्पल काढून पुढं होतो, इतकंच. घुटमळतात असं कधी वाटलं नाही, उलट लाईट गेल्यावर रात्री मोटरीजवळ एकटा बसलो तर बरं वाटतं. मात्र तुमचे चुलते प्लॉटचं म्हणतात ते खोटं नाही. आम्ही भावाभावांनी तेवढे चार गुंठे कुणी विकायचे नाहीत असं वाटणीच्या कागदावर लिहून घेतलं. तुम्हीही आत्ताच बोलून ठेवा, बारावा झाला की जो तो आपल्या कामाला लागतो.

खानापूरकडचा
सगळ्यांचे आभार. काल रात्री आईजवळ बसलो. ती म्हणाली रक्षा तर मळ्यात गेलीच आहे, आंब्याच्या बुडाला टाकली तेव्हाच त्यांचं म्हणणं झालं, आता भावजींच्या मनासारखं होऊ दे, पण गोकर्ण फार लांब, मी गाडीत एवढा वेळ बसू शकणार नाही आणि मला बघायचंय. सकाळी चुलत्यांना मलप्रभेचं, कृष्णेचं सांगितलं. ते बराच वेळ फणसाकडं बघत उभे राहिले आणि म्हणाले असोग्याला आम्ही दोघं लहानपणी पोहायला जात होतो. शुक्रवारी सकाळी तिथं जायचं ठरलंय, आई पण येणार.

चार गुंठ्यांचं अजून काढलेलं नाही, बाराव्यानंतर काढतो. रॉड आंब्याजवळ पुरायचा म्हणालो तर आई म्हणाली थांब जरा, अजून तो गोठ्यातच असू दे.