दूरच्या तारखेला दिलेला होकार तारीख जवळ आली की का डळमळतो?

शोधयात्री (प्रश्न)

नमस्कार. मी पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रबंधासाठी मार्गदर्शन करते. विषय निवडताना, म्हणजे प्रबंध सादर करायला जवळजवळ वर्ष बाकी असताना, विद्यार्थी जे बोलतात आणि शेवटच्या महिन्यात तेच विद्यार्थी जे बोलतात, त्यांत इतकी तफावत असते की ही दोन वेगळी माणसे आहेत असे वाटावे. सुरुवातीला चर्चा असते ती विषयाच्या महत्त्वाची, त्यातून काय नवे हाती लागेल याची. शेवटी मात्र ठरलेल्यापेक्षा कमी मुलाखती चालतील का, एखादे प्रकरण गाळता येईल का, संदर्भसूची कोणत्या पद्धतीने द्यायची, एवढेच प्रश्न उरतात. ज्या विषयासाठी हट्ट धरला होता, त्याच विषयाबद्दल ‘हा घ्यायलाच नको होता’ असे उद्गार निघतात.

आरंभशूरपणा म्हणून हे निकालात काढणे सोपे आहे. पण अत्यंत मेहनती आणि शब्दाला जागणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीतही हेच घडते, त्यामुळे ते स्पष्टीकरण मला पटत नाही. काळाचे अंतर बदलल्याने माणसाचा निर्णय, उत्साह आणि मत कसे बदलते, याविषयी मानसशास्त्रात काय अभ्यास झाला आहे? आणि या दोहोंपैकी कोणत्या वेळचे मत खरे मानावे?

अंतर्वेध

आपण वर्णन केलेली परिस्थिती या विषयावरील एका मूलभूत प्रयोगाच्या फारच जवळची आहे. तेल अवीव विद्यापीठातील निरा लिबरमन आणि न्यूयॉर्क विद्यापीठातील याकोव्ह ट्रोप यांनी 1998 मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात विद्यार्थ्यांसमोर अभ्यासाची निरनिराळी कामे ठेवली होती. काही कामे रंजक पण अवघड होती, तर काही सोपी पण नीरस. काम पुढे काही आठवड्यांनी करायचे असेल, तर निवडीवर विषयाच्या रंजकतेचा प्रभाव अधिक पडला. काम लगेच करायचे असेल, तर ते किती सोपे किंवा अवघड आहे याला अधिक वजन आले. दूरच्या गोष्टीबाबत माणूस ‘हे करण्याजोगे आहे का’ असे विचारतो आणि जवळच्या गोष्टीबाबत ‘हे जमेल का’ असे विचारतो, असा त्यांचा निष्कर्ष थोडक्यात सांगता येईल.

यामागचे कारण त्यांनी पुढे 2003 आणि 2010 मधील सविस्तर लेखांत मांडले. जी गोष्ट इथे, आत्ता, माझ्या बाबतीत आणि खात्रीने घडत नाही, तिचा तपशील आपल्याला ठाऊक नसतो. म्हणून मन तिचे गाभ्यापुरते, सारांशरूप चित्र तयार करते. ‘समाजाला उपयोगी पडेल असे संशोधन’ हे तसे चित्र झाले. तीच गोष्ट जवळ आली की चित्रात तपशील भरू लागतो: फोन न उचलणारी व्यक्ती, पुसट ध्वनिमुद्रण, रात्री उशिरापर्यंत उतरवून काढावा लागणारा मजकूर. यात विद्यार्थ्याची मूल्ये बदललेली नसतात. त्याच्या नजरेसमोर असलेली वस्तूच बदललेली असते, आणि म्हणूनच मेहनती विद्यार्थीही यातून सुटत नाहीत.

हे अंतर केवळ काळाचे नसते. स्थळाचे, नात्याचे आणि शक्यतेचे अंतरही मनाला एकाच जातीचे वाटते, असे हा सिद्धान्त मानतो. योआव्ह बार-अनान आणि सहकाऱ्यांचा 2007 मधील एक प्रयोग मला या बाबतीत विशेष बोलका वाटतो. निसर्गदृश्याच्या छायाचित्रात जवळच्या किंवा दूरच्या ठिकाणाकडे रोखलेला बाण दाखवला जाई आणि बाणावर एक शब्द छापलेला असे. जवळच्या बाणावर ‘उद्या’, ‘आम्ही’ किंवा ‘नक्की’ या अर्थाचे शब्द असले, तर सहभागी व्यक्तींचा प्रतिसाद अधिक जलद येत असे. दूरच्या बाणावर दूरत्व सुचवणारे शब्द असले तरीही तसेच होई. चित्रातील खोली आणि कालगणना यांचा वास्तविक काहीही संबंध नाही, तरी मन त्यांची जोडी लावते.

दिनमान

वरील उत्तराला एक पुस्ती जोडतो, कारण प्रश्न प्रबंधांचाच आहे. वॉटर्लू विद्यापीठातील प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना काम किती दिवसांत संपेल याचा अंदाज विचारण्यात आला होता. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस यांच्या 1994 च्या शोधनिबंधानुसार सरासरी अंदाज सुमारे 34 दिवसांचा होता आणि प्रत्यक्षात सरासरी 55 हून अधिक दिवस लागले. सर्व काही बिघडले तर किती वेळ लागेल, असे विचारल्यावर दिलेला अंदाजसुद्धा सरासरी 49 दिवसांच्या आतच होता, म्हणजे वास्तवापेक्षा कमीच. दूर असलेले काम मनात एका सरळ रेषेत पूर्ण होते. अडथळे हा तपशील असतो आणि दूरच्या चित्रात त्यांना जागा मिळत नाही.

झॉबरमन आणि लिंच यांनी 2005 मध्ये दाखवलेली गोष्टही आपल्या प्रश्नाला लागू पडते. पुढील काळात आपल्याकडे आजच्यापेक्षा अधिक मोकळा वेळ असेल, असे माणसांना वाटते. पैशाबाबत हा भ्रम तितका तीव्र नसतो. म्हणूनच वर्षभराने द्यायच्या वेळेला आपण सहज होकार देतो. त्या वेळचे दिवसही आजच्याइतकेच भरलेले असणार, हे ध्यानात येत नाही.

समदर्शी

दोन्ही उत्तरे अभ्यासपूर्ण आहेत, परंतु त्यांतून एक गैरसमज पसरेल अशी मला काळजी वाटते. दूरचे मत म्हणजे शहाणपण आणि जवळचे मत म्हणजे कंटाळा, किंवा याच्या उलट, असा अर्थ कोणी काढू नये. अंतरामुळे कशाला वजन मिळते एवढेच बदलते, निर्णय आपोआप चांगला होत नाही.

मतांचे उदाहरण घेऊ. लेजरवुड, ट्रोप आणि चायकेन यांनी 2010 मध्ये असे दाखवले की एखादे धोरण पुढच्या आठवड्यात लागू व्हायचे असेल, तर त्याविषयीचे मत समोरच्या अनोळखी व्यक्तीच्या मताकडे झुकते. तेच धोरण पुढच्या वर्षी लागू व्हायचे असेल, तर मत स्वतःच्या वैचारिक भूमिकेला अधिक धरून राहते. म्हणजे दूरचे मत तत्त्वाला धरून असते, तर जवळचे मत आजूबाजूच्यांना सामावून घेते. यातील कोणते हितकारक, हे प्रसंगावर ठरेल. तत्त्वाशी इमान राखायचे असेल तेव्हा पहिले बरे. जो माणूस निर्णयाचा परिणाम भोगणार आहे, त्याचे म्हणणे ऐकायचे असेल तेव्हा दुसरे.

शिवाय पुरावा सर्वत्र सारखा भक्कम नाही. दुरून पाहिल्यास नैतिक निवाडे अधिक कठोर होतात, असे एयाल, लिबरमन आणि ट्रोप यांनी 2008 मध्ये मांडले. गाँग आणि मेडिन यांना 2012 मध्ये नेमके उलटे आढळले. अंतर वाढल्यावर विचार अधिक अमूर्त होतो, ही मूळ कल्पना मला ग्राह्य वाटते. पण तिच्यावरून माणसाच्या प्रत्येक वागणुकीचा उलगडा करण्याच्या मोहात पडू नये. प्रबंधाच्या शेवटच्या महिन्यातील वैताग कधीकधी अगदी साधा असतो: विद्यार्थ्याची झोप पुरी झालेली नसते.

शोधयात्री

आपणा सर्वांचे मनापासून आभार. ‘वस्तूच बदललेली असते’ हा मुद्दा मला फार उपयोगी वाटला. यातून एक व्यावहारिक प्रश्न उभा राहतो. मी विद्यार्थ्यांना अधूनमधून ‘हे काम आपण का हाती घेतले ते आठवा’ असे सांगते. ते योग्य आहे का?

अंतर्वेध

केव्हा सांगता, यावर ते अवलंबून आहे. इथे दोन निष्कर्ष वरकरणी परस्परविरोधी दिसतात. मॅक्री, लिबरमन, ट्रोप आणि शर्मन यांनी 2008 मध्ये विद्यार्थ्यांना एक प्रश्नावली भरून ठरावीक मुदतीत परत पाठवायला सांगितली होती. ज्यांना त्या निमित्ताने कृतीच्या ‘कसे’विषयी, म्हणजे ठोस तपशिलाविषयी विचार करायला लावले, त्यांनी ती लवकर पाठवली, ज्यांना अमूर्त विचार करायला लावले, त्यांच्याकडून दिरंगाई झाली. याउलट फुजिता आणि सहकाऱ्यांच्या 2006 मधील प्रयोगात, आरोग्य का जपावे याचा विचार केलेल्या व्यक्तींनी हाताने आवळून धरायचे व्यायामाचे साधन, आरोग्य कसे जपावे याचा विचार केलेल्यांपेक्षा अधिक वेळ दाबून धरले.

माझ्या मते यात विसंगती नाही. काम सुरूच होत नसेल, तर ‘का’ विचारल्याने ते आणखी उदात्त आणि आणखी दूरचे होते. अशा वेळी पहिले पान कोणत्या दिवशी, कुठे बसून लिहिणार, एवढेच विचारावे. काम सुरू झाले आहे पण ते असह्य वाटू लागले आहे, अशा वेळी मात्र ‘का’ ची आठवण टिकून राहायला बळ देते. पहिल्या परिस्थितीतल्या विद्यार्थ्याला हेतूची आठवण करून देणे बहुधा निरुपयोगी ठरते, आणि मार्गदर्शक नेमके तेच अधिक वेळा करतात.

समदर्शी

या म्हणण्याशी मी सहमत आहे. अडकलेल्या विद्यार्थ्यासाठी आणखी एक उपाय सुचवतो. ग्रॉसमन आणि क्रॉस यांच्या 2014 मधील शोधनिबंधात असे दिसले की माणसे स्वतःच्या पेचापेक्षा मित्राच्या पेचाबद्दल अधिक समंजस विचार करतात, आणि स्वतःकडे त्रयस्थपणे पाहायला सांगितल्यावर हा फरक नाहीसा होतो. ‘तुमच्या मैत्रिणीने हाच विषय घेतला असता आणि ती याच टप्प्यावर अडकली असती, तर तिला कोणते प्रकरण गाळायला सांगितले असते?’ असे विचारून पाहावे.

शोधयात्री

हे निश्चित करून पाहीन. विषयनिवडीच्या अर्जातही बदल करण्याचे मी ठरवले आहे. विषयाचे महत्त्व लिहायची जागा तशीच राहील, कारण दुरून दिसणारी ती गोष्ट खोटी नाही. तिच्याखाली पहिल्या आठवड्यात करायच्या कामांचा तपशील, आणि याआधी पूर्ण केलेल्या एखाद्या लेखनाला प्रत्यक्षात किती दिवस लागले होते, हे लिहायला सांगेन. दोन्ही जागा भरल्यानंतरही विद्यार्थी त्याच विषयावर ठाम राहिला, तर मी त्याच दिवशी सही करीन.